सळई सोडायची वेळ

सर जेवायला येणार म्हटलं की मी आधी चमचे लपवायची. हसू नका, खरंच सांगते. पान वाढलं की माणूस भाताकडे बघतो, आमटीकडे बघतो. आमचे सर चमच्याकडे बघायचे. वाफाळत्या आमटीत एक स्टीलचा चमचा उभा करायचे, एक पितळेचा, एक अ‍ॅल्युमिनियमचा, आणि माझ्या नवऱ्याला म्हणायचे, "एकेकाला हात लावा, कुठला आधी सोडावासा वाटतो ते सांगा." नवरा बिचारा शेतावरून आलेला, पोटात कावळे ओरडतायत. आमटी निवायची, भात निवायचा, आणि यांचं आपलं चालूच. "बघा, स्टीलची दांडी अजून थंड! म्हणून तर स्टीलच्या टोपात दूध खाली लागतं. आच पसरतच नाही, आळशी जावयासारखी एका जागी बसून राहते." नवरा मागाहून मला म्हणायचा, "पुढल्या खेपेला तुझ्या सरांना केळीच्या पानावर वाढ, आणि चमचा देऊच नको."

तळे गावापासून जरा आत आमची शाळा. सर तिथे विज्ञान शिकवायचे आणि मी प्रयोगशाळेत मदतनीस होते. म्हणजे काय, तर बाटल्या धुवायच्या, दिवे पुसायचे, पोरांनी फोडलेल्या नळ्या झाडून काढायच्या. बाकीचे शिक्षक मला "ओ बाई, जरा पाणी आणा" म्हणायचे. सर एकटे पाहुण्यांना सांगायचे, "ही माझी असिस्टंट." मला लाज वाटायची आणि आतून बरंही वाटायचं. एरवी मला ते "बाय" म्हणायचे, आमच्याकडे लेकीला म्हणतात तसं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही चमच्यांवरच हसत बसाल. सरांचा उजवा हात गेला. तुटला नाही, पण त्यातलं कळणं गेलं, आणि मग बोटं मिटली ती मिटलीच. तो जात होता तेव्हा वर्षभर मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले. तेव्हा हे जे काही सांगतेय ते एका गुन्हेगार बाईचं सांगणं आहे असं समजा.

कुठल्या धातूतून उष्णता किती जाते, हे मोजणं हा सरांचा ध्यास होता. अभ्यासक्रमात त्याला दीड पान. सरांना जन्म पुरला नाही. संध्याकाळी ते एसटी स्टँडवर उभे राहायचे आणि उतरणाऱ्या माणसांकडून तिकिटं मागून घ्यायचे. मशीनमधून निघतं ना ते तिकीट, त्याचा कागद तापला की काळा पडतो. सर ती तिकिटं एकापुढे एक चिकटवून पट्टी करायचे, त्यावर सळई आडवी ठेवायचे आणि सळईच्या टोकाखाली दिवा लावायचे. काळा डाग सळईबरोबर पुढे सरकत जायचा. तांब्याखाली भराभर, लोखंडाखाली रेंगाळत. पोरं ओरडायची, "सर, तांबं माणगावला पोचलं, लोखंड अजून तळ्यातच!" एक कंडक्टर सरांना नेहमी म्हणायचा, "सर, एवढी तिकिटं साठवलीत, एखाद दिवशी फुकट काशीला जाल." सर म्हणायचे, "काशीला कशाला? मला पालीपर्यंतचं पुरतं."

दुसरा प्रयोग मेणाचा. सळयांना मेणबत्तीचं मेण फासायचं, त्यात टाचण्या चिकटवायच्या, एक टोक तापवायचं, की टाचण्या टपटप पडू लागतात. पोरांना वाटायचं, जिची टाचणी पहिली पडली ती सळई जिंकली. सर खवळायचे. "अरे, घाई करणाऱ्याला धातू खोटं सांगतो! आधी कोण पळालं ते नको बघू. थांब. मेण वितळायचं थांबेपर्यंत थांब, आणि मग कुठवर गेलं ते पट्टीनं मोज. दुप्पट लांब गेलं असेल तर तो धातू चौपट चांगला." हे 'थांब' ते इतक्या वेळा म्हणायचे की पोरांनी त्यांचं नाव थांबसर पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवलं तर त्याखाली यांनी स्वतःच सही ठोकली.

पण या सगळ्यावर त्यांचा खरा विश्वास नव्हता. विश्वास होता तो स्वतःच्या हातावर. "मेण आंधळं गो बाय," असं म्हणायचे, "हात डोळस." दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटली की आम्ही दोघं प्रयोगशाळेत थांबायचो. पंजाएवढ्या लांब, सारख्या जाडीच्या सळया. एक टोक स्पिरिटच्या दिव्यावर, दुसरं सरांच्या मुठीत. मी घड्याळ घेऊन उभी. चटका सोसवेना झाला की सर सळई सोडायचे आणि मी वहीत सेकंद लिहायची. तांबं चाळीसच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या पाठोपाठ. पितळ दुपटीच्याही वर. लोखंड धरलं की सर गप्पा मारायला लागायचे, आणि स्टील धरलं की म्हणायचे, "जा, चहा टाकून ये." लाल पुठ्ठ्याची जाडजूड वही होती ती. त्यांचं म्हणणं, एवढी वर्षं एकाच हातानं घेतलेल्या नोंदी अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नसतील. नसतीलच. दुसरं कोण बसणार होतं असलं भाजून घेत?

मी एकदा म्हटलं, "सर, मी धरून बघू?" रोज तव्यावरची तांदळाची भाकरी हातानं उलटणारी बाई मी, मला चटक्याचं काय? तर केवढ्यानं ओरडले! "मोजणारा वेगळा, भाजणारा वेगळा. मोजणाऱ्यानं प्रयोगाला हात लावायचा नाही, नाहीतर त्याचं मन नोंदीत उतरतं. तू फक्त घड्याळ बघ." मी म्हटलं, बरं. आणि पुढची सगळी वर्षं मी फक्त घड्याळ बघितलं. सळईला बोट लावलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण मला ते विसरता येत नाही.

पुढे तांब्याचे आकडे वाढू लागले. चाळीसचे शेहेचाळीस झाले. मग पन्नास. मग एकदा पंचावन्न. सरांनी आधी घड्याळावर ठपका ठेवला, म्हणून दुसरं आणलं. मग म्हणाले, स्पिरिटमध्ये पाणी घालतायत मेले. नवीन बाटली आणली. मग वात बदलली. मग खिडकी बंद केली, वारा लागतो म्हणून. आकडे वाढतच होते. मी भीत भीत म्हटलं, "सर, पण मेण तर पूर्वीइतकंच जातंय. पट्टी लावून बघितलं मी."

"मेणबत्त्या बदलल्यात हल्ली," सर म्हणाले. "पूर्वीचं मेण राहिलंय कुठे?"

"आणि तिकिटाचा डाग?"

"कागद बदललाय."

जगातलं सगळं बदललं होतं, फक्त त्यांचा हात तेवढा तोच होता. आता डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. तेव्हा मला वाटलं, सर म्हणतात म्हणजे असेल. मी दहावी नापास, मी काय सांगणार त्यांना? त्यांच्या तळव्यावर फोड दिसायचा, विचारलं की म्हणायचे, "किटली लागली." दर महिन्याला कशी हो किटली लागते माणसाला? मी काही ते विचारलं नाही.

त्याच सुमारास आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या होत्या. गावोगाव फिरून अंगावरचे चट्टे बघायचं काम त्यांच्याकडे होतं. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना विचारत होत्या, "अंगावर फिकट चट्टा हाय का? हाताला गरम-थंड कळतंय का?" सर मोठ्यानं हसले. "अगो, मला गरम-थंड विचारतेस? मी त्याचाच मास्तर!" सगळे हसले. मीही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. आशाताई लाजून पुढच्या खोलीत गेल्या. सरांच्या सदऱ्याची उजवी बाही त्या उकाड्यात मनगटापर्यंत बटण लावून बंद होती, हे मला दिसलं होतं. अ‍ॅसिड उडून पडलेला डाग आहे, असं त्यांनी मला सांगितलेलं होतं.

शेवटी सरांनी ठरवलं की सळईच खोटी. पालीला देवळाच्या मागच्या अंगाला एक म्हातारे तांबट होते, त्यांच्याकडून नवीन घडवून आणली. ती धरली तर पहिलीपेक्षा वाईट, सत्तर सेकंद! सर लालबुंद झाले. "देवाच्या दारात बसून भेसळ करतो? चल बाय." मला घेऊन एसटीनं थेट पाली गाठली.

तांबट ऐंशीच्या घरातले. अंगात बंडी, पुढ्यात भाता आणि निखारे. सर दुकानाच्या पायरीवरूनच सुरू झाले, "हे तांबं नव्हे. जस्त मारलंय यात. तुमच्या बापजाद्यांनी असलं काम केलं नसेल." येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली. म्हाताऱ्यानं रागानं भाता ओढून निखारे फुलवले. सळई घेतली, एक टोक निखाऱ्यात घातलं आणि दुसरं स्वतःच्या मुठीत धरलं. त्या मुठीला उभ्या जन्माचे घट्टे. मी सवयीनं घड्याळ काढलं. अडतीसला त्यांनी "आई गं" म्हणून सळई टाकली.

सळई पाण्यात बुडवून गार केली, पुसली आणि म्हणाले, "आता तुमी धरा, सर."

सरांनी धरली. चाळीस झाले. पन्नास. साठ. सर माझ्याकडे बघून मान हलवतायत, बघ, मी म्हणत होतो ना. सत्तर. मग वास आला. भाकरी करपते तसा नाही, वेगळा. म्हाताऱ्यानं चिमट्यानं सळई खेचून काढली आणि सरांचा तळवा दोन्ही हातांत घेतला. किती वेळ बघत राहिले. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"सर, तांबा चांगलाच हाय," ते हळू म्हणाले. "दवाखान्यात जावा. माझ्या भावाला व्हतं हे. गोळ्यांनी बरं व्हतं, पण येळेवर जावं लागतं."

सर पायरीवर बसले. मला वाटलं चक्कर आली. बाही वर करून त्यांनी तो चट्टा बघितला, त्यावर नख ओढून बघितलं, एकदा, दोनदा. म्हाताऱ्याच्या पाया पडायला वाकले तर त्यानं पडू दिलं नाही.

परतीच्या गाडीत सरांनी बाहीचं बटण पुन्हा मनगटापर्यंत लावलं. मग म्हणाले, "बाय, कुणाला सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

"सर, ते गोळ्यांनी बरं होतं म्हणाले."

"पोरीचं जमतंय गो."

पोरगी म्हणजे त्यांची भाची. बहीण वारली तेव्हा ही तीन वर्षांची होती. सरांनी लग्न केलं नाही, तिला वाढवलं. वेणी घालायला माझ्याकडून शिकले होते. माणगावच्या एका घराशी तिची सोयरीक चालली होती, मुलगा मुंबईत नोकरीला, माणसं चांगली. "एकदा का कळलं मामाला रक्तपिती आहे, कुष्ठरोग आहे," सर म्हणाले, "की तिच्या ताटाला कोण शिवणार नाही. तिचं होऊ दे. अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवशी जातो दवाखान्यात. थांबायला काय होतं?"

आयुष्यभर पोरांना 'थांब' सांगणारा माणूस. मी शपथ पाळली. मोठी आली शपथ पाळणारी! आज वाटतं, तेव्हाच गाडीतून उतरून आशाताईंचं घर गाठायला हवं होतं. शपथ मोडून सर मेले नसते. पण मला वाटलं, पोरीचं मोडलं तर मी कुठल्या तोंडानं त्यांच्यासमोर उभी राहू?

सोयरीक काही लगेच जमली नाही. साखरपुडा गणपतीनंतर, मग त्यांच्याकडचं कुणी वारलं म्हणून लग्न लांबलं, पुढच्या मे महिन्यावर गेलं. वर्ष झालं. शनिवारी आम्ही प्रयोगशाळेत थांबायचो, दिवा मात्र लावायचो नाही. सर वही उघडून जुने आकडे वाचत बसायचे. करंगळी वाकायला लागली. मग तिच्या शेजारचं बोट. खडू हातातून गळायचा. पोरांना सांगायचे, "संधिवात." मी रोज घरून खोबरेल आणायची, त्यांचा तळवा चोळून द्यायची, फोडांना फडकं बांधायची. मला काही झालं तर, असा विचार मनात आला नाही असं कसं सांगू? आला. रात्री पोरांना जवळ घेताना आला. तरी दुसऱ्या दिवशी चोळायची.

लग्नात एक प्रकार झाला. भाताचं भलं थोरलं पातेलं चुलाणावरून उतरवायचं होतं, फडकी सापडेनात, आचारी ओरडतोय. सर पुढे झाले आणि उघड्या उजव्या हातानं एका बाजूचा काठ धरून ते उतरवलं. मांडवात टाळ्या पडल्या. "बघा, मास्तरांचा हात बघा!" व्याही कौतुकानं म्हणाले, "लेकीच्या लग्नात माणसाला चटका पण लागत नाही हो." सर हसत होते. मी त्यांना ओढत मागच्या पडवीत नेलं. तळव्याचं कातडं पातेल्याच्या काठाला राहिलं होतं. आणि त्यांच्या डोळ्यांत दुखण्याचं नावसुद्धा नव्हतं. मी तिथेच मटकन बसून रडले. बायकांना वाटलं, पोरगी सासरी चालली म्हणून रडतेय.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले, बोलल्याप्रमाणे. गोळ्या फुकट मिळाल्या, वर्षभर नेमानं घेतल्या, रोग पार गेला. डॉक्टरीणबाई चांगली होती. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "रोग बरा झाला, पण हात परत येणार नाही. वर्षभर आधी आणायला हवं होतं तुम्ही यांना." तिला काय माहीत, तिनं कुणाला आणि काय सांगितलं ते.

भाचीला कळलं तेव्हा ती धावत आली. मामाच्या त्या हाताला छातीशी धरून ती इतकी चिडली होती की रडता येईना. "मामा, मला विचारायचंस तरी. मोडलं असतं तर मोडलं असतं. मीच नेलं असतं तुला." मग माझ्याकडे वळली. "आणि मावशी, तू?"

सरच म्हणाले, "तिला शपथ घातली होती गो मी." पण भाची माझ्याकडे बघतच राहिली.

निवृत्तीच्या आदल्या शनिवारी सरांनी मला थांबायला सांगितलं. उजव्या हाताची तीन बोटं मिटलेली. पालीची तांब्याची सळई टेबलावर काढून ठेवली होती. "दिवा लाव," म्हणाले. घड्याळ स्वतःच्या डाव्या हातात घेतलं. "आज तू धर, बाय."

"मोजणाऱ्यानं हात लावायचा नाही ना?"

"आज मी मोजतो."

मी धरली. आधी काही नाही. मग कोमट. मग गरम. मग असा चटका, की डोळ्यांपुढे चांदण्या चमकल्या. आणि मी सोडली नाही. माझं काय चाललं होतं ते मलाच कळत नव्हतं. एवढंच वाटत होतं की मी वर्षभर गप्प बसले, त्याचं थोडं तरी फेडू दे. त्यांना जे लागलं नाही ते मला लागू दे.

"सोड," सर म्हणाले.

मी सोडली नाही.

"भाजतंय ना तुला? मग सोड ना गो! सोड म्हणतो!" आणि त्या मिटलेल्या बोटांच्या हातानं त्यांनी माझ्या मनगटावर असा फटका मारला की सळई उडून भिंतीशी जाऊन पडली. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांनी शिवी दिली. मग डाव्या हातानं माठातलं पाणी माझ्या तळव्यावर ओतत राहिले, अख्खा माठ रिता झाला तरी तांब्या माठात खरवडत राहिले. "भाजतंय तोवर सोडायचं असतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. "भाजतंय तोवर सोडायचं असतं, बाय."

सर गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. भाचीकडे माणगावला, झोपेत गेले. दिवसकार्य झाल्यावर तिनं पिशवीत घालून ती लाल वही मला आणून दिली. त्या नजरेनं बघितलं नाही या वेळी. "मामा म्हणायचा, ही मावशीची," म्हणाली.

मी वही बरेच दिवस उघडली नाही. मग एका दुपारी उघडली. पानंच्या पानं माझ्या अक्षरात. तांबं चाळीस, तांबं शेहेचाळीस, तांबं पंचावन्न. वाढतच गेलेले आकडे, एकाखाली एक, मीच लिहिलेले. सगळ्यात शेवटी एकच ओळ सरांच्या हातची. डाव्या हातानं लिहिलेली, पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी.

'तांबं, पालीचं. ४१. तांबं चांगलं. हात चांगला.'

मला वाटलं, सर चुकले. घड्याळ त्यांच्याकडे असलं तरी सवयीनं मी मनात सेकंद मोजलेच होते, सळई साठाच्याही पुढे धरली होती, फटका बसेपर्यंत. एक्केचाळीस कुठून आले? किती वेळ ती ओळ वाचत बसले आणि मग ध्यानात आलं. मी सळई कधी सोडली ते सरांनी लिहिलंच नव्हतं. मला कधी भाजलं ते लिहिलं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

आणि मी इतकी वर्षं नुसतं घड्याळ बघत होते.